मानवी तस्करी गाव कसं रोखू शकतं? मुंबईतून सुटून गेलेल्या नेपाळी मुलींनी उभ्या केलेल्या कामाची गोष्ट

फेब्रुवारी १९९६. मुंबईतल्या कामाठीपुरा आणि आसपासच्या भागातल्या कुंटणखान्यांवर पोलिसांनी मोठे छापे टाकले. जवळपास ५०० मुली आणि तरुणी बाहेर काढल्या गेल्या. त्यातल्या २०० च्या आसपास नेपाळच्या होत्या.

छापा पडला, सुटका झाली, आता या मुली घरी जातील असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार नव्हतं. या आमच्याच नागरिक आहेत याचा पुरावा काय? त्यांच्यामुळे देशात एचआयव्ही पसरला तर? असे प्रश्न विचारले जाऊ लागले. मुली मुंबईच्या सरकारी निवारागृहांत अडकून पडल्या. शेवटी नेपाळमधल्या सात स्वयंसेवी संस्थांनी जबाबदारी घेतली आणि जुलै १९९६ मध्ये १२८ जणी काठमांडूला परतल्या.

त्यातल्या १५ जणींनी त्याच वर्षी स्वतःची संस्था सुरू केली. नाव ठेवलं 'शक्ती समूह'. तस्करीतून वाचलेल्या महिलांनी स्वतः उभी केलेली आणि स्वतः चालवलेली ही जगातल्या पहिल्या संस्थांपैकी एक. २०१३ मध्ये या संस्थेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या संस्थेचं काम पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. मुलगी कुंटणखान्यात पोहोचल्यावर तिला बाहेर काढणं फार अवघड असतं. ती गाव सोडायच्या आधी तिला सावध करणं त्यामानाने सोपं असतं. आणि ते काम पोलिसांपेक्षा गावातली माणसं जास्त चांगलं करू शकतात. कसं ते समजून घेऊया.

मानवी तस्करी म्हणजे नेमकं काय?

'तस्करी' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सीमा, रात्र आणि लपवून नेलेला माल येतो. माणसांच्या बाबतीत हे चित्र फसवं आहे. मानवी तस्करीसाठी सीमा ओलांडावीच लागते असं नाही. एका तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात नेलं तरी तो गुन्हा ठरू शकतो.

संयुक्त राष्ट्रांनी २००० साली एक करार केला. पालेर्मो प्रोटोकॉल या नावाने तो ओळखला जातो. भारताने २०११ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानुसार तस्करी ओळखायची तर तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, काय केलं? माणसाला कामाला ठेवलं, एका जागेवरून दुसरीकडे नेलं, लपवलं किंवा कुणाच्या ताब्यात दिलं.

दुसरी, कसं केलं? धमकी देऊन, फसवून, जबरदस्तीने, पैशाचं आमिष दाखवून किंवा समोरच्याच्या अडचणीचा फायदा घेऊन.

तिसरी, कशासाठी केलं? शोषणासाठी. मग ते लैंगिक असेल, वेठबिगारी असेल किंवा अवयव काढून घेणं असेल.

व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर दुसरा मुद्दा तपासायची गरजच नाही. मुलगी 'स्वतःहून आली होती' हा बचाव चालत नाही.

भारतात संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारीवर बंदी घातली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १४३ तस्करीबद्दल आहे. त्यात कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे. बळी लहान मूल असेल तर किमान दहा वर्षं, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शोषितेची 'संमती' इथेही गैरलागू आहे.

म्हणजे कायदा आहे. प्रश्न असा आहे की कायद्यापर्यंत गोष्ट पोहोचते कधी?

तस्कर कोण असतो? अनोळखी की ओळखीचा?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातले. 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय' असे मेसेज त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. जमावाला वाटलं हीच ती टोळी. पाचही जण निर्दोष होते.

ही घटना इथे सांगायचं कारण आहे. मुलांच्या काळजीपोटी गाव सावध राहतं, ही चांगली गोष्ट आहे. पण गाव चुकीच्या माणसाकडे पाहत असेल तर त्या सावधगिरीतून काय होतं, हे राईनपाड्याने दाखवलं.

कारण तस्करीत बहुतेक वेळा गाडीतून येऊन मूल उचलून नेणारा अनोळखी माणूस नसतोच. तिथे असते लांबची मावशी, गावातूनच मुंबईला गेलेली आणि अंगावर सोनं घालून परतलेली ओळखीची बाई, 'चांगलं स्थळ आहे, हुंडा नको' म्हणणारा मध्यस्थ, किंवा नोकरी लावून देतो म्हणणारा मित्राचा मित्र. नेपाळमध्ये १९९० च्या दशकात काठमांडूच्या गालिच्यांच्या कारखान्यांत डोंगराळ भागातल्या मुली कामाला यायच्या. तिथेच त्यांना 'याहून चांगलं काम' दाखवणारे दलाल भेटायचे. पुढचा मुक्काम मुंबई असायचा.

आपल्याकडे याचं एक रूप म्हणजे उचल. वीटभट्टी असो की ऊसतोड, हंगामाआधी हातात रोख पैसे दिले जातात. घरात दुखणं असतं, लग्न असतं, पावसाळ्यात काम नसतं. पैसे घेतले जातात आणि मग ते फिटेपर्यंत अख्खं कुटुंब बांधलं जातं. उचल देणारा प्रत्येक मुकादम तस्कर नसतो. पण हिशेब कधीच मिटत नसेल, सोडून जाता येत नसेल, तर ती १९७६ च्या कायद्याने बंद केलेली वेठबिगारीच आहे. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोड्याशा पैशांच्या बदल्यात मेंढ्या राखायला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवली गेल्याचं उघड झालं, तेही एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर.

या सगळ्यात एक धागा सारखा आहे. तस्कर विश्वासावर चालतो. घरात कर्ज किती आहे, कुणाचा बाप दारू पितो, कुठली मुलगी शाळेतून काढली, हे त्याला माहीत असतं. पण हीच माहिती गावालाही असते. मग ती आधी कोण वापरतं, यावर बरंच काही ठरतं.

शक्ती समूहाने वेगळं काय केलं?

संस्था १९९६ मध्ये सुरू झाली, पण तिची नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं. संस्था नोंदवायची तर नागरिकत्वाचा दाखला हवा, आणि अनेकींकडे तो नव्हता. तो काढायचा तर बापाने किंवा नवऱ्याने ओळख पटवून द्यायला हवी. ज्यांना घरच्यांनीच दारात उभं केलं नाही, त्यांनी दाखला आणायचा कुठून? म्हणजे या महिलांची पहिली लढाई दलालांशी नव्हती, 'आम्ही आहोत' हे कागदावर सिद्ध करण्याची होती. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याला पळवून नेणं सोपं असतं, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून कळलं होतं.

संस्थापकांपैकी एक चारिमाया तामांग. काठमांडूच्या ईशान्येकडच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या. त्यांना सोळाव्या वर्षी मुंबईत आणून विकलं गेलं होतं. परतल्यावर समाजाने तोंड फिरवलं, तरी १९९७ मध्ये त्यांनी आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतः तक्रार दाखल केली. त्या काळी नेपाळमध्ये असं कुणी करत नव्हतं. २०११ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तस्करीविरोधी कामासाठी त्यांचा गौरव केला.

पुढे शक्ती समूहाने ज्या जिल्ह्यांतून मुली सर्वाधिक नेल्या जायच्या तिथेच काम सुरू केलं. त्यात काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

किशोरी गट: गावातल्या मुलींचे छोटे गट. मुंबईला नेतो म्हणणारा माणूस नेमकं काय बोलतो, लग्नाचं आमिष कसं दाखवतो, हे त्यांना पोस्टरवरून नाही तर त्यातून गेलेल्या ताईंकडून कळतं. शाळा सुटलेली मैत्रीण कुठे आहे, हे या गटालाच आधी माहीत असतं.

परतलेल्या मुलींना आधार: निवारा, शिक्षण, काम शिकणं आणि कोर्टात सोबत. ही फक्त मदत नाही, हाही तस्करी रोखण्याचाच भाग आहे. परत आलेल्या मुलीला गावाने नाकारलं की दलाल पुन्हा तिच्याच दारात येतो. आणि ती गप्प राहिली की पुढच्या मुलीला सावध करणारं कुणी उरत नाही.

सुरक्षित स्थलांतराची माहिती: 'जाऊ नका' असं सांगत बसण्यापेक्षा 'जायचं असेल तर असं जा' हे सांगणं. कागद कोणते लागतात, करार कसा वाचायचा, अडकलात तर कुणाला फोन करायचा.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा या कामाचं मोल कळलं. सर्वाधिक मृत्यू सिंधुपाल्चोकमध्येच झाले. घरं पडली, शाळा बंद झाल्या, आणि मदतीच्या नावाखाली मुलांना शहरात नेतो म्हणणारे लोक गावांत येऊ लागतील अशी भीती होती. सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. पण मातीच्या ढिगाऱ्यात कुठलं मूल कुणाचं, त्याला घेऊन जाणारा खरंच त्याचा काका आहे का, हे सांगू शकणारी माणसं गावातलीच होती.

सीमेवर उभं असलेलं 'माहेर'

भारत आणि नेपाळमधली सीमा सुमारे १,७५० किलोमीटरची आणि खुली आहे. दोन्ही देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. रोज हजारो लोक कामाला, बाजाराला, सोयरिकीला ये-जा करतात. त्यात फसवून नेली जाणारी मुलगी ओळखायची कशी?

१९९३ मध्ये अनुराधा कोइराला यांनी 'माइती नेपाळ' ही संस्था सुरू केली. नेपाळीत माइती म्हणजे माहेर. भारत सरकारने २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. या संस्थेच्या चौक्या सीमेवरच्या नाक्यांवर आहेत आणि तिथे उभ्या असणाऱ्या महिलांपैकी अनेक जणी स्वतः तस्करीतून वाचलेल्या आहेत. त्यांची पद्धत साधी. संशय आला की मुलीला आणि सोबतच्या माणसाला बाजूला घेऊन वेगवेगळे प्रश्न विचारायचे. नवऱ्याचं पूर्ण नाव काय? सासर कुठे? चाललात कुठे? तिथे उतरणार कुणाकडे? उत्तरं जुळत नसतील तर घरी फोन.

पण गावाची नजर हीच बेडी झाली तर?

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. 'मुलींना वाचवायचं' म्हणता म्हणता 'मुलींना अडवायचं' कधी होतं, ते कळत नाही.

नेपाळ सरकारने २०१२ मध्ये ३० वर्षांखालच्या महिलांना आखाती देशांत घरकामाला जायला बंदी केली. हेतू संरक्षणाचा होता. पण घरची गरज बंदीने संपत नाही. अनेक जणी भारतमार्गे, कागदांशिवाय, दलालाच्या भरवशावर गेल्या. जे रोखायचं होतं, त्याचाच धोका वाढला. सीमेवरच्या चौक्यांबद्दलही हाच आक्षेप घेतला जातो. प्रौढ बाई स्वतःच्या मर्जीने कामाला निघाली असेल तर तिला घरच्यांची परवानगी विचारणारे तुम्ही कोण?

आपल्याकडेही हे नवीन नाही. 'गावात वातावरण बरं नाही' म्हणून मुलीची शाळा बंद होते, मोबाइल काढून घेतला जातो, सोळाव्या वर्षी लग्न लावलं जातं. म्हणजे तस्करीच्या भीतीने मुलीला अशा जागी ढकललं जातं जिथे ती आणखी असहाय होते. बालविवाह हा तर तस्करांचा आवडता रस्ता आहे.

म्हणून पुढाकार कुणाच्या हातात आहे, हे महत्त्वाचं ठरतं. समितीत फक्त गावातले वजनदार पुरुष असतील तर पाळत सुरू होते. मुली, स्थलांतर करणाऱ्या बाया, परत आलेल्या महिला बसल्या तर प्रश्न बदलतात. 'कुणाला विचारून चाललीस?' ऐवजी 'पोहोचल्यावर फोन करशील ना, पत्ता देऊन जा' असं विचारलं जातं.

भारतात असे प्रयोग झालेत का?

झालेत, आणि काही अगदी अनपेक्षित ठिकाणी.

कोलकात्याच्या सोनागाछीत देहविक्री करणाऱ्या महिलांच्या 'दरबार महिला समन्वय समिती'ने १९९७ पासून स्वनियमन मंडळं सुरू केली. वस्तीत नवीन मुलगी आली की मंडळ तिच्याशी बोलतं. वय १८ पेक्षा कमी आहे का, कुणी जबरदस्तीने आणलंय का, हे तपासतं. तसं असेल तर तिला तिथे राहू न देता तिच्या पुढच्या सोयीसाठी प्रयत्न केले जातात. मंडळात या महिलांसोबत बाहेरचे लोकही असतात. वस्तीत कोण आलं हे पोलिसांना कळायला आठवडे लागू शकतात, शेजारच्या खोलीतल्या बाईला त्याच दिवशी कळतं.

महाराष्ट्रात सांगलीत 'संग्राम' संस्थेसोबत काम करणारी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' म्हणजे 'व्हॅम्प' ही देहविक्री करणाऱ्या महिलांची संघटना १९९६ पासून उभी आहे. वस्तीतल्या अल्पवयीन आणि जबरदस्तीच्या प्रकरणांत तिथल्या महिलाच आधी हस्तक्षेप करतात. सुटकेच्या नावाखाली टाकलेल्या छाप्यांत प्रौढ महिलांना त्यांच्या मर्जीविरुद्ध उचलून नेलं जातं, यावरही त्यांनी सातत्याने आवाज उठवलाय.

मुलांच्या बाबतीत 'बचपन बचाओ आंदोलना'ने २००१ पासून बालमित्र ग्राम ही कल्पना राबवली. गावातलं प्रत्येक मूल कामावरून काढून शाळेत घालायचं, मुलांनी स्वतः निवडलेली बाल पंचायत बनवायची आणि ग्रामपंचायतीने तिला मान्यता द्यायची. मूल शाळेत दिसलं नाही की पहिली चौकशी वर्गमित्र करतात.

ठाणे-पालघर पट्ट्यात १९८० च्या दशकापासून श्रमजीवी संघटनेने आदिवासी वेठबिगारांना संघटित केलं. तिथे सुटका झालेले मजूरच पुढे दुसऱ्यांना सोडवायला उभे राहिले.

मग आपल्या गावात हे का दिसत नाही?

व्यवस्था कागदावर आहे. सरकारच्या बाल संरक्षण योजनेनुसार गावपातळीवर बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच, अंगणवाडी सेविका, शिक्षक, पोलीस पाटील असे लोक त्यात येतात. अडचण अशी की अनेक ठिकाणी समिती स्थापन झाल्याचा ठराव असतो, बैठक मात्र होत नाही. अंगणवाडी सेविकेच्या अंगावर आधीच पोषण आहारापासून सर्वेक्षणापर्यंतची कामं असतात. आणि मध्यस्थ गावातलाच, कधी सत्ताधाऱ्यांच्या नात्यातला असेल तर त्याच्याविरुद्ध बोलणार कोण?

तरी जिथे इच्छा असते तिथे कमी खर्चात बरंच करता येतं. हंगामाआधी गाव सोडणाऱ्या कुटुंबांची एक वही ठेवायची. कोण, कुठे, कुणाच्या मार्फत, उचल किती, फोन कुठला. मुलांना गावातच ठेवायची सोय करायची. मूल सलग काही दिवस शाळेत आलं नाही तर शिक्षकाने घरी जायचं. लग्न ठरलं की मुलीचं वय तपासायचं आणि मुलाकडच्यांचं गाव खरंच अस्तित्वात आहे का, ते पाहायचं. मात्र ही वही माणसांना अडवण्यासाठी नाही, ती अडकली तर शोधण्यासाठी आहे, हे सगळ्यांना माहीत हवं.

आपण काय करू शकतो?

तस्करी आता फोनवरही आली आहे. टेलिग्राम, फेसबुकवर 'थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, पगार लाखात' अशा जाहिराती पाहून गेलेले शिकलेले तरुण म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकले. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. म्हणजे हा विषय फक्त 'गरीब, अडाणी' लोकांचा नाही.

त्यामुळे या काही गोष्टी लक्षात ठेवा.

- नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या मित्र-मैत्रिणीकडून मालकाचं नाव, पत्ता आणि व्हिसाचा प्रकार लिहून घ्या. पर्यटन व्हिसावर नोकरी मिळत नसते.
- ओळखपत्र किंवा पासपोर्ट मालकाकडे जमा करायला सांगितलं तर सावध व्हा.
- घरच्यांमध्ये एखादा सांकेतिक शब्द ठरवा. फोन दुसऱ्याच्या नजरेखाली करावा लागला तरी अडचण कळेल.
- आसपासच्या घरात, हॉटेलात, भट्टीवर एखादं मूल बाहेरच्यांशी बोलूच दिलं जात नसेल तर १०९८ वर कळवा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे.
- स्वतः जाऊन 'सुटका' करू नका. तिथल्या माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो आणि पुरावेही नष्ट होतात.
- सुटका झालेल्या मुलामुलींचे फोटो शेअर करू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. कायद्याच्या पलीकडे, तो फोटो त्या मुलीच्या गावात पोहोचला तर तिचा परतीचा रस्ता बंद होतो.
- 'मुलं पळवणारी टोळी आली' असे मेसेज पुढे पाठवू नका. खरंच संशय असेल तर पोलिसांना फोन करा, ग्रुपवर टाकू नका.

आणि तुमच्या ओळखीत कुणी अशा ठिकाणाहून परत आलं असेल, तर तिला 'तू गेलीसच कशाला?' असं विचारू नका. शक्ती समूहाच्या महिला स्वतःच्या नावाने बोलू लागल्या, तेव्हा कुठे मागे राहिलेल्या गावांना दलाल ओळखता येऊ लागले. परतलेल्या माणसाला बोलता येईल इतकी जागा देणं, हे गावाने करायचं पहिलं काम आहे.